नाकातला आवाज

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरांमध्ये जातपात आहे. मानाच्या पंगतीला व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे, अ‍ॅम्प. उचलताना कंबर धरते, चालू केल्यावर तापायला वेळ घेतात, आणि त्यांच्याविषयी बोलताना चांगली चांगली माणसं आवाज खाली आणतात. त्यांच्या खालच्या पंगतीला ट्रान्झिस्टरवाले, सॉलिड स्टेट. आणि अगदी दाराशी, चपला काढतात तिथे, प्रॅक्टिस अ‍ॅम्प. पोराने गिटार घेतली, आता घरी वाजवायला काहीतरी हवं, म्हणून दुकानदार गिटारबरोबर गळ्यात मारतो तो डबा.

मला हे दाराशी बसलेले अ‍ॅम्प आवडतात. त्यांच्यावर कुणी गाणी रेकॉर्ड करावीत अशी त्यांच्या कर्त्यांचीही अपेक्षा नव्हती. तरी लोकांनी केली. पीव्ही कंपनीचा डेकेड नावाचा 10 वॅटचा डबा कुणी फुकट दिला तरी माणसं नको म्हणायची. मग क्वीन्स ऑफ द स्टोन एज या रॉक बँडच्या जॉश होमीने आपल्या आवाजाचं गुपित म्हणून त्याचंच नाव घेतलं, आणि जुन्या बाजारात त्याचा भाव आकाशाला भिडला. डबा तोच, आवाज तोच. फक्त आता त्याला ओळख मिळाली.

पण मी ज्याच्या नादाला लागलो तो पिगनोज 7-100. 1973 साली अमेरिकेतल्या वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात तो पहिल्यांदा मांडला गेला. करणारे दोघे, रिचर्ड एडलंड आणि वेन किंबल. एडलंड पुढे हॉलिवूडमध्ये स्पेशल इफेक्ट्सच्या कामात शिरले आणि त्यासाठी ऑस्कर घेऊन आले, त्यामुळे हा बहुधा ऑस्करवाल्याच्या हातचा एकमेव प्रॅक्टिस अ‍ॅम्प असावा. आकाराने बुटाच्या खोक्याहून लहान. आत 5 इंची स्पीकर, सहा पेन्सिल सेल, आणि दर्शनी बाजूला एकच बटण, डुकराच्या नाकाच्या आकाराचं. त्याच बटणाने चालू करायचा, त्यानेच आवाज वाढवायचा. बास नाही, ट्रेबल नाही. टोन बदलायचाच असेल तर खटका काढून पेटी उघडायची, कारण ती बिजागरीवर पुस्तकासारखी उघडते. फ्रँक झॅपासारख्या नावाजलेल्या अमेरिकन रॉक गिटारवाल्याने स्टुडिओत हा खेळण्यासारखा डबा माइकसमोर मांडून वाजवला, तेव्हा त्यात काहीतरी असणार एवढं नक्की.

आवाज कसा आहे? नाकातला. हळू वाजवलं तर रेडिओवरचा निवेदक सर्दी झाल्यावर बोलेल तसा, आणि बटण पुढे नेलं की चिडका, दाट, थोडा चावून बोलणारा.

एका मित्राच्या मेहुण्याने अमेरिकेतून परत येताना आणलेला जुना पिगनोज माझ्याकडे काही महिने मुक्कामाला होता. अट एकच: "उघडून बघा, मोजा, काय वाटेल ते करा, पण आत सोल्डर लावायचं नाही." रास्त अट होती. तिच्यामुळेच मला नीट बघावं लागलं.

पेटी उघडली आणि मला हसूच आलं. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर होते. एक ड्रायव्हर, एक आउटपुट. ज्यांनी लहानपणी मर्फी, बुश किंवा फिलिप्सचा ट्रान्झिस्टर मागून उघडून पाहिलाय त्यांना ही जोडी ओळखीची असेल. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर सिग्नलच्या एकमेकांच्या उलट अशा दोन प्रती करतो, दोन ट्रान्झिस्टर अर्धी अर्धी लाट वाटून घेतात, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर ते दोन अर्धे परत जोडून स्पीकरला देतो. थोडक्यात, पिगनोज म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणापासून पुढचा ट्रान्झिस्टर रेडिओ.

आपल्याकडे तर हे नातं उलट्या दिशेनेही जुळलेलं आहे. बाहेरचा अ‍ॅम्प आणायचा तर जबर जकात, आणि इथे बनलेला मिळायची मारामार, त्या काळात गिटार वाजवणारी पोरं काय करायची? घरातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी 'पीयू' लिहिलेली दोन भोकं असायची, त्यात गिटारची वायर खुपसायची. नाहीतर टेपरेकॉर्डरच्या माइकच्या खोबणीत. वडील बातम्यांना यायच्या आत वायर काढून ठेवायची, एवढंच पथ्य. म्हणजे एडलंड-किंबल यांनी पेटीत घालून विकलं ते आमच्याकडे अनेक घरांत आधीच बेकायदा चालू होतं. फक्त नाक नव्हतं.

तर ठरलं, याची नक्कल करायची. नाव आणि ते नाक त्या कंपनीचं, त्याला हात लावायचा नाही. आवाज मात्र तोच हवा.

पहिला प्रश्न असा की ट्रान्सफॉर्मर कशाला? आजकाल छोटा अ‍ॅम्प करायचा म्हटलं की जो तो एलएम 386 ही आठ पायांची आयसी काढतो. स्वस्त, सोपं, रविवारच्या दुपारी होऊन जातं. पण ट्रान्सफॉर्मरशिवाय 9 व्होल्टवर चालणाऱ्या साध्या अ‍ॅम्पची लाट मध्यापासून वर साडेचार, खाली साडेचार व्होल्ट, यापलीकडे जाऊच शकत नाही. 8 ओहमच्या स्पीकरमध्ये त्याचे फार तर सव्वा वॅट होतात, तेही सगळं आदर्श धरून. मधोमध फाटा असलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लावला की प्रत्येक ट्रान्झिस्टरला आपल्या अर्ध्या वेढ्यांवर जवळपास पूर्ण 9 व्होल्ट खेळायला मिळतात, आणि स्पीकर त्याला किती ओहमचा दिसावा हे वेढ्यांच्या गुणोत्तराने ठरवता येतं. शिवाय आयसी थकली की लाटेचं डोकं सपाट कापते, कात्रीने कापल्यासारखं. ट्रान्सफॉर्मर तसं करत नाही. तो कसा थकतो, तीच या सगळ्यातली गंमत आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी रेडिओंचे सांगाडे मिळतात. कॅबिनेट फुटलेलं, काटा गायब, पण आतली पट्टी शाबूत. त्यातला एक घेऊन त्याची जोडी काढली. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला एका बाजूने थोडे एसी व्होल्ट देऊन दुसरीकडे मोजले तर गुणोत्तर पाचास एक निघालं, म्हणजे अर्ध्या वेढ्यांचं अडीचास एक. अडीचचा वर्ग सव्वासहा, गुणिले 8, म्हणजे प्रत्येक ट्रान्झिस्टरला 50 ओहम दिसणार. वॅट काढायचे तर 9 चा वर्ग भागिले त्या ओहमची दुप्पट, म्हणजे 100. पाऊण वॅटच्या थोडं पुढे. आकाशवाणी ऐकायला उत्तम, गिटारला अपुरं. गुणोत्तर तीनास एक केलं तर प्रत्येकाला 18 ओहम दिसतात आणि कागदावर सव्वादोन वॅट येतात. ते वाइंडिंगवाल्याकडून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळून देणाऱ्याकडून, करून घेणं भाग होतं.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास अजून काही वाइंडिंगवाले टिकून आहेत. मी ज्यांच्याकडे गेलो त्या काकांचं दुकान म्हणजे एक जिना आणि त्याखालची जागा. हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन, त्यावर आकडे मोजणारा काउंटर, भिंतीवर गेजप्रमाणे, म्हणजे जाडीप्रमाणे, लावलेली तांब्याच्या तारेची रिळं. मी रेडिओतला नमुना पुढे ठेवला.

"रेडिओचा आहे."

"हो काका. असाच हवाय, पण तीनास एक. दोन्ही अर्धे अगदी सारखे हवेत, म्हणून दोन तारा जोडीने गुंडाळा."

"ते सांगू नका, ते मला येतं. वाजणार काय त्यावर?"

"गिटार."

त्यांनी नमुना हातात फिरवला, गाभ्याचे पत्रे नखाने चाचपले आणि निकाल दिला. "हा पुरणार नाही. एवढासा गाभा. खालचा सूर आला की भरून जाईल. मी तुम्हाला याच्या दुप्पट पत्रा घालून देतो, तापणार नाही, फाटणार नाही. पैसे तेवढेच."

काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि मला नेमकं तेच नको होतं. लोखंडी गाभ्यात किती चुंबकत्व मावेल याला मर्यादा असते. तितकेच व्होल्ट दिले तर सूर जितका खालचा तितका गाभ्यावरचा भार जास्त. गिटारची जाड तार 82 हर्ट्झला वाजते आणि सगळ्यात बारीक 330 ला, म्हणजे तितक्याच जोरात वाजवलं तर जाड तारेला गाभ्यावर चौपट भार पडतो. गाभा छोटा असेल तर बारीक तारा स्वच्छ राहतात आणि जाड तार गाभा भरून टाकते. लाटेचा माथा कापला जात नाही, दबतो. खर्ज सुजतो, त्याच्या अंगावर वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूर, चढतात, आणि 5 इंची स्पीकर जो खर्ज एरवी देऊच शकत नाही त्याचा कानाला भास होतो. रेडिओ इंजिनिअरच्या दृष्टीने हा दोष. पिगनोजच्या बाबतीत हाच माल.

हे मी काकांना सांगून पाहिलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे खराब करून हवाय."

"हो."

"मग तसं सांगा ना." आणि त्यांनी वहीत लिहिलं: छोटा गाभा, पार्टीच्या सांगण्यावरून. पुढे सही मागितली. उद्या तक्रार आली तर त्यांचा दोष नको. मी सही केली.

मी पोटापाण्यासाठी मोजमापाच्या उपकरणांत काम करतो. तिथे विरूपण, म्हणजे सिग्नलमध्ये मुळात नव्हतं ते काहीही, शत्रू असतो. त्यामुळे हात आपोआप सुधारणेकडे वळतो: इथे एक कपॅसिटर मोठा टाकू, तिथे थोडा फीडबॅक देऊ. नक्कल करताना या हाताला आवरणं हे सोल्डरिंगपेक्षा अवघड काम आहे. मुळातला कुठला दोष परवडला नाही म्हणून राहिला, कुठला मुद्दाम ठेवला आणि कुठला वयामुळे आला, हे सर्किटच्या आकृतीत लिहिलेलं नसतं. आकृतीत ट्रान्सफॉर्मरच्या जागी दोन वेटोळी आणि मध्ये दोन रेघा असतात. गाभा केवढा, पत्रा कसला, तार कुठल्या गेजची, यावर ती गप्प. भातखंड्यांच्या स्वरलिपीत मालकंसाची बंदिश स्वच्छ लिहिलेली असते, तरी ती वाचून कोमल गंधार लागत नाही, तो कुणाच्यातरी तोंडून ऐकावाच लागतो. तसा मी त्या मुक्कामी आलेल्या डब्याला ऐकत बसलो.

सोल्डर न लावताही बरंच कळतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अर्ध्यांवर किती डीसी मिलिव्होल्ट पडतात हे साध्या मल्टीमीटरने मोजता येतं, आणि वेढ्यांचा रोध माहीत असला की दोन्ही ट्रान्झिस्टर गप्प बसून किती करंट खातात तेही निघतं. या डब्यातले दोघे सारखे खात नव्हते. एक दुसऱ्याहून बराच खादाड. कारखान्यातच असे बसले की इतक्या वर्षांत बिनसले, कोण जाणे. पण दोघांचा करंट सारखा नसला की गाभा आधीच एका बाजूला थोडा चुंबकलेला राहतो, आणि लाटेचा एक अर्धा दुसऱ्याच्या आधी दबतो. अशा लंगड्या दबण्यातून सम हार्मोनिक येतात, मुख्यतः मूळ सुराचं वरचं सप्तक. कानाला ते गोड लागतं. व्हॉल्व्हवाले ज्याच्या आरत्या ओवाळतात त्यातला थोडा प्रसाद इथे फुकटात मिळत होता.

मूळचे ट्रान्झिस्टर शोधण्यात अर्थ नव्हता. ड्रायव्हरला मी एसएल 100 घातला. गोल धातूच्या टोपीचा हा गडी इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये ज्याने जाळला नाही असा माणूस माझ्या पिढीत सापडणं कठीण. आउटपुटला दोन बीडी 139. दुकानातल्या पोराला म्हटलं, मूठभर दे, मला मोजून निवडायचे आहेत. त्याने समजूतदारपणे विचारलं, "मॅच्ड पेअर पाहिजे ना सर?" मी म्हटलं, नाही, न जुळणारी जोडी हवी. त्याने मूठभर दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग आला बायस. अर्धी अर्धी लाट वाटून घेणाऱ्या ट्रान्झिस्टरांना गप्प असतानाही थोडं जागं ठेवावं लागतं, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे लाट जाताना मध्ये खाच पडते. ऑसिलोस्कोपवर ती शून्याच्या रेघेपाशी पायरीसारखी दिसते, आणि ऐकताना सूर विरत जाताना शेवटी खरखर होते, वाळूत पाय घासल्यासारखी. सिलिकॉन ट्रान्झिस्टरला जागं ठेवायला साधारण 0.65 व्होल्ट लागतात. पण ट्रान्झिस्टर जसा तापतो तसा हा आकडा दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने उतरतो. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे 12 अंश, मेच्या दुपारी 40. फरक 28 अंशांचा, म्हणजे 56 मिलिव्होल्ट. ट्रान्झिस्टरला 60 मिलिव्होल्ट जास्त मिळाले की करंट दसपट होतो. म्हणजे बायस नुसता बांधून टाकला आणि दुसरी काही सोय केली नाही, तर तोच अ‍ॅम्प थंडीत खरखरेल आणि उन्हाळ्यात नुसता चालू ठेवला तरी सेल खाऊन टाकेल. यावर उपाय म्हणून डायोड लावतात, तोही तापतो आणि बायस त्या प्रमाणात खाली आणतो. मी डायोड लावला, पण ट्रान्झिस्टरच्या अंगाला चिकटवला नाही. बोटभर लांब ठेवला. त्यामुळे खोलीच्या हवेचा हिशोब तो ठेवतो, पण जोरात वाजवून ट्रान्झिस्टर तापले की त्याला जरा उशिरा कळतं. पहिल्या दोन-तीन मिनिटांत आवाज थोडा कोरडा असतो आणि मग ओलावतो. मूळ डब्यातही असंच होत होतं. कारण हेच असेल असा माझा दावा नाही, परिणाम जुळला एवढं खरं.

सेलचं प्रकरण त्याहून मजेशीर. साध्या झिंक-कार्बन सेलचा अंतर्गत रोध अल्कलाइन सेलच्या काही पट असतो. जोरात तार छेडली की अ‍ॅम्प एकदम अर्धा अँपिअर मागतो, सेलचे व्होल्ट बसतात, आवाज दबतो आणि मग हळूच वर येतो. महागडे अल्कलाइन घातले की हे बसणं कमी होतं आणि अ‍ॅम्प उगाच शिस्तीचा वाटतो. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले सगळ्यात स्वस्त सेल यासाठी सर्वोत्तम, तेही जरा वापरलेले. भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले तर फारच छान. घरातली घड्याळं बंद पडण्याशी याचा संबंध जोडला गेला आणि मला अडॅप्टरची सोय करावी लागली. अडॅप्टरच्या वाटेत मी 2.2 ओहमचा एक रोध मुद्दाम ठेवला, म्हणजे विजेलाही थोडी धाप लागेल.

पेटीला फार वेळ दिला नाही. 9 मिलिमीटरचं प्लायवुड, हार्मोनियमच्या खोक्याला लावतात तसलं काळं रेक्झिन, बोहरी आळीतून आणलेले ट्रंकेचे लोखंडी कोपरे, खटका आणि बिजागऱ्या. बटण त्या सांगाड्यातल्या रेडिओचंच, ट्यूनिंगचं. मोठं आहे, त्यामुळे हात भरतो. पेटी घट्ट बंद केली की आतली हवा स्पीकरच्या पडद्याला मागून रेटते आणि आवाज मधल्या पट्टीत कोंडतो. बोटभर उघडली की मोकळा होतो. सताड उघडली की मागचा आवाज पुढच्याला छेद देतो, खर्ज जातो आणि नुसता तारांचा खणखणाट उरतो. वाजवता वाजवता गुडघ्याने झाकण हलवायची मला आता सवय लागली आहे.

दोन्ही डबे शेजारी ठेवून वाजवले तर फरक कळतो का? कळतो. वरच्या तारांवर मूळ डबा जास्त गुळगुळीत आहे, माझा किंचित रागीट. जाड तारेवर मात्र डोळे मिटून सांगता येत नाही, आणि मला तेवढं पुरे होतं. मूळ डबा परत करताना मित्राच्या मेहुण्याने माझ्यावर वाजवून पाहिलं, मग स्वतःच्या डब्यावर, मग परत माझ्यावर, आणि विचारलं, "याचे सेल कुठले?"

काकांकडे ट्रान्सफॉर्मर घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी एक नाही, दोन पुढे ठेवले होते. एक माझ्या सहीचा, छोट्या गाभ्याचा. दुसरा दुप्पट पत्र्याचा, तीनास एकच, वर कागदी पट्टीवर बॉलपेनने 'बरोबर' असं लिहिलेला. पैसे फक्त पहिल्याचे घेतले. "तो घेऊन जा. एकदा लावून बघा, मग बोला."

तो मी पुढे लावून पाहिला. आवाज मोठा, जाड तार सरळ, खर्ज शहाण्यासारखा आपल्या जागी. मला दोन मिनिटांत कंटाळा आला. पण माझा पुतण्या तेव्हा घरी होता. तो फोनमधल्या अ‍ॅपवर जगातले सगळे अ‍ॅम्प बाळगून असतो, आणि त्याला हवा होता तो फोनमधून येईल ते जसंच्या तसं वाजवणारा डबा. त्याने फोन जोडला, अ‍ॅपमध्ये पिगनोज निवडला, आणि काकांच्या बरोबर ट्रान्सफॉर्मरमधून तो वाजवायला लागला. आता दुसरी पेटी त्याच्यासाठी करायला घेतली आहे. त्याला लाल रेक्झिन हवंय, आणि झाकण न उघडणारं.